बांधलेला माळ

“इथं कुणी येतं-जातं का हो, आबा?” महसूल खात्याच्या सर्कल साहेबांनी मानेवरचा घाम पुसत विचारलं.

माझे सासरे, खाशाबा, माळाच्या काटेरी झाप्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, उभे होते. प्रश्न ऐकून त्यांची छाती फुगली, ती मला मागूनही दिसली.

“माणसाचं सोडा, साहेब,” ते म्हणाले. “शेरडाचं पिल्लूबी आत पाय ठिवत न्हाय. बघा की, गवताचं एक पातं तरी मोडलंय का कुठं?”

मी चहाची किटली घेऊन बाजूला उभी होते आणि मनातल्या मनात हसत होते. आबांना माळाविषयी विचारणं म्हणजे नव्या नवरीला माहेराविषयी विचारणं. एकदा सुरू झालं की थांबवायचं कुणी? साहेबांनी विचारलं, हे असं कधीपासून आहे. आबा म्हणाले, त्यांच्या वडिलांच्याही आधीपासून. साहेबांनी मान डोलावली. त्यांच्याबरोबर आलेला पँट-बुटातला तरुण तिपाईवरच्या दुर्बिणीतून माळाच्या चारी कडा न्याहाळत होता. तो म्हणाला, “मस्त सपाट आहे.” आबांनी त्यालाही हात जोडले, जणू माळ त्यांनीच लाटून सपाट केला होता.

आमची टेंभूळवाडी माणदेशात आहे. इथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न घेता जातो. अशा गावात जनावर जगवायचं तर गवत जपावं लागतं. म्हणून गावच्या वरच्या अंगाला असलेला माळ आषाढात, बेंदराच्या दिवशी बांधायचा. बांधायचा म्हणजे झाप्याला करंजाची डहाळी बांधायची. एवढंच. कुलूप नाही, तार नाही. ती डहाळी बांधली की दसऱ्यापर्यंत त्या गवतात कोणी जनावर घालायचं नाही, कोणी कापायचं नाही, वाट वाकडी करून पलीकडून जायचं. दसऱ्याला आबा डहाळी सोडत. मग घरटी एक माणूस आत शिरे, आणि जे कापून येई त्यावर गावची गुरं पुढच्या पावसापर्यंत तग धरत. डहाळी बांधायचा मान आमच्या घराचा. बैलांचा सण साऱ्या गावात पुरणपोळीचा, आणि आबांचा मात्र उपाशीपोटी माळाला फेरी घालण्याचा.

साहेब भाद्रपदात आले. माळ बांधलेला होता, गवत कमरेइतकं, तुरे नुकतेच बाहेर पडत होते. सरपंच दिनकररावांनी आम्हाला सांगितलं होतं की सरकारचे लोक माळ पाहायला येणार आहेत, चांगला दिसला पाहिजे. आम्हाला वाटलं, कुरण छान राखल्याबद्दल गावाला काही बक्षीस-बिक्षीस असेल. एका गावाला झाडं लावल्याबद्दल मिळालं होतं, मग आम्हाला गवताबद्दल का नाही? आबांनी त्या दिवशी धुतलेला फेटा बांधला होता.

पंधरा दिवसांनी ग्रामसभा भरली, शाळेच्या पडवीत. मी तेव्हा पंचायतीची सदस्य होते, बायकांच्या जागेवर निवडून आलेली. सही माझी आणि खुर्ची नवऱ्याची, असा गावाचा अंदाज होता. तो पहिल्याच सभेत चुकला, आणि तेव्हापासून मला पाहिलं की दिनकरराव विनाकारण घसा खाकरायचे. त्या दिवशी तर ते आल्यापासून खाकरत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं की पाणी कुठेतरी मुरतंय.

भिंतीवर पांढरी चादर लावली होती आणि तिच्यावर चित्रं पडत होती. दाखवणारा माणूस तोच, पँट-बुटातला. त्याचं नाव पाठारे, एका वीज कंपनीकडून आला होता. बोलायला गोड होता आणि बरंचसं खरं बोलत होता, हे मला आजही कबूल केलं पाहिजे. कोळशाची वीज धूर करते, कोळसा आज ना उद्या संपणार. ऊन फुकट आहे आणि आपल्याकडे तर उन्हाशिवाय दुसरं आहेच काय, असं तो म्हणाला. त्यावर सगळे हसले. मग त्याने मुद्द्याचं सांगितलं. सोलरच्या प्लेटा गावाजवळ बसल्या तर शेतीच्या मोटारींना दिवसा वीज मिळेल.

दिवसा वीज! आमच्याकडे शेतीची वीज रात्री यायची. माझे मालक जालिंदर बॅटरी घेऊन अंधारात पाणी पाजायला जायचे आणि परत येईपर्यंत माझा डोळा लागत नसे. गेल्याच साली आमच्या भावकीतला एक जण असाच पाणी पाजताना साप चावून गेला होता. त्याची बायको त्या सभेत माझ्या पलीकडे बसली होती. तिने पदर तोंडाला लावला. तेव्हा कुणी असं समजू नये की मी सोलरच्या विरोधात होते. मी तर टाळी वाजवायला हात उचलला होता.

मग लोकांनी विचारायला सुरुवात केली, आणि आमचे लोक एकदा विचारायला लागले की वकील बरे. एकाने विचारलं, हे प्लेटांचं झंझट कशाला, पलीकडच्या डोंगरावर पंखे आहेत तसे पंखे का नाही? पाठारे म्हणाला, पवनचक्की चांगलीच, तिच्याखाली जमीनही मोकळी राहते, पण तुमच्या माळावर तेवढा वारा नाही. हे बरोबर होतं. त्या डोंगरावरचे पंखेही आषाढ-श्रावणात भिंगरीसारखे फिरतात आणि उन्हाळ्यात, नेमकी वीज हवी तेव्हा, मान टाकून उभे असतात. त्या डोंगराखालचे लोक सांगतात की रात्रभर घरघर ऐकू येते आणि नोकरी म्हणाल तर दोघा पोरांना राखणदाराची मिळाली. पण तिथे मेंढरं अजून चरतात, हेही तितकंच खरं.

कोणी गोबरगॅसचं नाव काढलं. आमच्या गावात घरोघरी टाक्या बांधल्या होत्या, निम्म्या आता कोरड्या पडून त्यात कोंबड्या अंडी घालतात. कारण सोपं आहे. टाकीला शेण लागतं, शेणाला जनावर लागतं आणि जनावराला गवत लागतं. ज्यांची जनावरं टिकली त्यांचा गॅस आजही निळा जळतो.

“आणि पाण्याची वीज?” कोणीतरी मागून चेष्टेने विचारलं. आमच्या ओढ्याला पाणी दिसलं तर लोक फोटो काढतात.

तेव्हा चंद्राक्का उठली. ही आमची शेजारीण, वयाने आबांच्या बरोबरीची. तिचं माहेर एका धरणात गेलेलं. “पाण्याची वीज लई चांगली,” ती म्हणाली. “धूर न्हाय, आवाज न्हाय. माझ्या बापाचं घर तेवढं तिच्याखाली हाय. साहेब, तुमची ही उन्हाची वीज कुणाच्या घरावर बसनार, त्ये आधी सांगा.”

पाठारे हसून म्हणाला, “कुणाच्याच नाही, आजी. गावाला जी जमीन लागत नाही, तिच्यावर.” आणि त्याने पुढचं चित्र लावलं.

चादरीवर आमचा माळ होता. वरून काढलेला, हिरवागार, चारी बाजूंनी लाल रेघ मारलेला. रेघेच्या आत निळ्या पट्ट्यांच्या ओळीच ओळी. बाहेर कुंपण. कुंपणाला दार होतं, पण ते आमच्यासाठी नव्हतं.

पडवीत एकदम गलका उठला. माळ? राखणीचा माळ? जनावरांनी खायचं काय, प्लेटा? दिनकरराव खाकरले आणि त्यांनी सर्कल साहेबांकडे बघितलं. साहेब शांतपणे उठले. त्यांचा आवाज वाईट नव्हता, हेच मला सगळ्यात वाईट वाटतं. रागावून बोलले असते तर निदान भांडता आलं असतं.

ते म्हणाले, “मी समक्ष जाऊन पाहणी केलीय. संपूर्ण जागा रिकामी होती. एक जनावर नाही, पायवाटसुद्धा नाही. गावातल्या ज्येष्ठ माणसाला मी स्वतः विचारलं. त्यांनी सांगितलं, इथे माणूस काय, शेळीसुद्धा पाय ठेवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नाही. वापरात नसलेली जागा आहे ही.”

सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. आबा उठून उभे राहिले, फेटा सारखा केला आणि अभिमानाने म्हणाले, “व्हय. मीच सांगितलं.”

त्यांना कळलंच नव्हतं. अख्ख्या पडवीत त्या क्षणी त्यांना एकट्यालाच कळलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, भर सभेत साहेब आपल्या राखणीची वाहवा करताहेत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझा चेहरा पाहिला, आणि हळूहळू खाली बसले.

मी बोलले. बोलले म्हणजे काय, तोंडाला येईल ते बोलले. साहेब, तुम्ही आलात तेव्हा माळ बांधलेला होता. गवत वाढावं म्हणूनच तिथे कोणी जात नाही. देवघरात कोणी लोळत नाही, म्हणून ते रिकामं धरून तिथे पाहुणे उतरवता का तुम्ही? प्लेटा बसवायच्या तर शाळेचं छप्पर आहे, दूध डेअरीची शेड आहे, गावामागे वीज उपकेंद्राला लागून खडक आहे, ज्यावर कुसळसुद्धा उगवत नाही. पाठारे म्हणाला, छपरं लहान पडतील, खडक उंचसखल आहे, काम अवघड होईल. माळ कसा, आयता सपाट आहे.

आयता! हा शब्द माझ्या अजून डोक्यात जातो. पिढ्यान्‌पिढ्या उपाशीपोटी फेऱ्या घालून राखलेली वस्तू, आणि म्हणे आयती.

सभा मोडली. आणि मग गावाने काय करावं? कंपनीला सोडलं, साहेबांना सोडलं, घसा खाकरणाऱ्या सरपंचालाही सोडलं आणि आबांना धरलं. म्हाताऱ्याने माळ घालवला. म्हाताऱ्याला मोठेपणा मिरवायचा होता. गप्प बसायला काय झालं होतं? चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ती अशी. ज्यांच्या गुरांनी जन्मभर त्या राखणीचं गवत खाल्लं ते लोक आमच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने बोलायचे. आबा ओट्यावर बसायचे बंद झाले. आत, माजघरात, भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवायला हाक मारली की येत आणि दोन घास खाऊन उठत.

घरातही सगळं गोड नव्हतं. जालिंदर म्हणाले, माळ गेला तर वाईटच, पण दिवसा वीज येणार असेल तर मला रात्री सापाच्या तोंडात हात घालायला नको. मी म्हणाले, दोन्ही पाहिजे. वीजही पाहिजे आणि माळही. हे एक घ्या नाहीतर ते घ्या, असं ठरवलं कुणी? ते म्हणाले, तू मोठी मेंबर, तू विचार जाऊन. मग मी गेलेच.

चंद्राक्काला बरोबर घेतलं आणि सर्कल साहेबांच्या कचेरीत गेले. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मी बेंदूर, डहाळी, दसरा, सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की त्यांना समजतंय, पण त्यांच्या अहवालात वापर आहे किंवा वापर नाही, एवढंच लिहायची सोय आहे. राखून ठेवलंय, असं लिहायला जागा नाही.

“मग दसऱ्यानंतर या,” मी म्हटलं. “आख्खा गाव विळे घेऊन आत असतो, डोळ्यांनी बघा.”

“दसऱ्याच्या आत अहवाल वर जायचाय, ताई. सोमवारी मी आणखी एकदा येतो. तुमच्यासाठी एवढं करतो. तुम्ही वापर दाखवा, मी लिहितो.”

चंद्राक्काने विचारलं, “दाखवा म्हंजे?”

“म्हणजे जनावरं दिसली पाहिजेत, आजी. आत.”

आत जनावरं घालायची म्हणजे काय, ते आम्हाला सांगायला नको होतं. गवताला तुरे आले होते, बी धरायचं होतं. आत्ता गुरं सोडली तर ती खातील थोडं आणि तुडवतील फार. दसऱ्याला कापायला काही राहणार नाही, बी पडलं नाही तर पुढच्या सालीही गवत विरळ. ज्याला आम्ही जपत होतो, ते आमचं आहे हे पटवायचं तर ते आपल्याच हातांनी नासायचं. जे गाव माळ ओरबाडून खातं त्याचा माळ त्याचा, आणि जे राखतं त्याचा रिकामा! कुठल्या शहाण्याने हा न्याय काढला, त्याचं नाव मला कळलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन बसले असते.

देवळात बैठक झाली. आता सगळ्यांना दुसरा मार्ग नाही हे पटलं होतं, पण डहाळी सोडायची कुणी? दसऱ्याआधी ती सोडलेली कोणी ऐकली नव्हती. आबांच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांपैकी एकजण पुढे होईना. दिनकररावांनी तर मला मध्येच सुचवलं की वहिनी, तुम्हीच घरात शब्द टाका. म्हणजे घाण त्यांनी करायची आणि झाडू माझ्या हातात. मी त्यांना तोंडावर सांगितलं की मी आबांना हे सांगणार नाही, ज्याने साहेबांना माळ दाखवायला आणलं त्याने सांगावं. ते नुसते खाकरले.

शेवटी कोणालाच सांगावं लागलं नाही. सोमवारी सकाळी मी गोठ्यात गेले तर आमची म्हैस आणि दोन्ही गाई दाव्याला नव्हत्या. मी धावत माळाकडे गेले. आबांनी झापा बाजूला ओढून ठेवला होता आणि जनावरं आत लोटत होते. ती आत जाईनात. जन्मापासून त्यांना तिथून हाकलून आणलं होतं, त्यांना तरी काय माहीत? आबा त्यांना थोपटत होते, काठीने नव्हे, हाताने. “जा,” म्हणत होते. “जा गं बायांनो. आज जावा.”

मग गाव आलं. शेरडं, मेंढरं, बैल, सगळं. जालिंदरही आले, त्यांनीच आमचे बैल आत सोडले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. दुपार होईतो माळाची रया गेली. तुरे खाली, चिखलात, शेणात. बायका बांधावर बसून बघत होत्या.

सर्कल साहेब जीपमधून उतरले आणि त्यांचा चेहरा खुलला. “हां,” ते म्हणाले, “आता कसं दिसतंय!” त्यांनी फोटो काढले. मग झाप्याजवळच्या दगडावर बसून कागद काढला. गाव भोवती गोळा झालं. आबा एका बाजूला उभे होते.

“एक अडचण आहे,” साहेब म्हणाले. “आधीचा जबाब माझ्याकडे आहे, खाशाबांचा. कोणी पाय ठेवत नाही म्हणून. तो असताना मी हा दुसरा कसा लिहू? वर विचारतील, की दोन्हींतलं खरं कोणतं?”

मी म्हणाले, दोन्ही खरी आहेत. बांधलेल्या माळाचं ते खरं होतं.

“ताई, पुन्हा तेच. मला एक खरं पाहिजे. आबांनी सांगावं, की तेव्हाचं बोलणं चुकीचं होतं. मग प्रश्नच मिटला.”

मी आबांच्या पुढे जाऊन उभी राहिले. साहेब, म्हटलं, हा माणूस आयुष्यात खोटं बोललेला नाही. माळाबद्दल तर नाहीच. पाहिजे तर मी लिहून देते, अख्खी पंचायत लिहून देईल. साहेब म्हणाले, जबाब ज्याचा त्यानेच फिरवावा लागतो. कोणीतरी मागून म्हणालं, आबा, द्या की सांगून, काय जातंय? ज्याने म्हटलं तो आमच्या भावकीतलाच होता. मी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन माणसांच्या मागे गेला.

आबांनी मला हाताने बाजूला केलं. फेटा काढून काखेत धरला. सासऱ्यांचं उघडं डोकं मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा भर गावात पाहत होते.

“लिव्हा, साहेब,” ते म्हणाले. “तवा मी खोटं बोललो. राखण-बिखण काय न्हाय. वरीसभर जनावरं चरत्यात हितं. आमच्या घरानं कवाच माळ राखला न्हाय.”

साहेब भराभर लिहीत होते. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. आबांनी अंगठा दिला नाही, सही केली. त्यांना सहीपुरतं लिहिता येत होतं आणि त्याचाही त्यांना अभिमान होता. साहेबांनी पेनला टोपण लावलं आणि आपल्या माणसाला सांगावं तसं, अगदी मायेने म्हणाले, “हे आधीच खरं बोलला असतात, आबा, तर सगळ्यांचाच त्रास वाचला असता. या वयात कशाला खोटं बोलायचं?”

माझ्या अंगाची लाही झाली. मी तोंड उघडलं, तोच आबांनी हात जोडले. माझ्यापुढे नाही, साहेबांपुढे.

“चुकलं, साहेब,” ते म्हणाले.

जीप गेली. लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या, दिनकररावांनी पेढे मागवले. मी पेढा घेतला नाही. कोणी मला विचारलं, वहिनी, माळ वाचला आणि तुम्ही अशा का? मी म्हटलं, तुम्हाला कळायचं नाही. आज एवढी वर्षं झाली, त्या साहेबांना बढती मिळून ते दुसऱ्या जिल्ह्यात गेले, त्यांनी माझं काही वैयक्तिक वाकडं केलेलं नाही. पण त्या ‘चुकलं’बद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि आमच्या गावालाही नाही.

सोलर आलं बरं का. पुढच्याच साली आलं. ज्या खडकावर काम अवघड होतं, तिथेच प्लेटा उभ्या राहिल्या, शाळेच्या छपरावर आल्या, डेअरीच्या शेडवर आल्या. माळ मिळत नाही म्हटल्यावर उंचसखल खडक बरोबर सपाट झाला. प्लेटा धुवायला पाणी लागतं म्हणून उन्हाळ्यात टँकरवरून थोडी भांडणं होतात. ढगाळ दिवसांत वीज कमी पडते आणि लोक कंपनीच्या नावाने खडे फोडतात. पण जालिंदर आता दुपारी पाणी पाजतात आणि रात्री घोरतात. आमची मोटार त्याच विजेवर चालते आणि मी त्या उन्हाला रोज हात जोडते. उन्हाशी माझं भांडण कधीच नव्हतं.

माळ तुडवला त्या साली दसऱ्याला कापायला काही नव्हतं. लोकांनी लांबून चाऱ्याला उसाचं वाडं आणलं, काहींनी जनावरांना बाजार दाखवला. तेव्हा कुठे गावाला शहाणपण आलं, आणि पुढचा बेंदूर आल्यावर सगळे आमच्या दारात उभे राहिले. दिनकरराव करंजाची डहाळी स्वतः तोडून घेऊन आले होते. मी आत पुरण वाटत होते. आबा पाटावर बसून पुरणपोळी खात होते, बेंदराच्या दिवशी, भर सकाळी.

“आबा, चला,” दिनकरराव म्हणाले. “माळ बांधायचा हाय.”

आबांनी ताटातून मान वर केली नाही. “आमच्या घरानं कवाच माळ राखला न्हाय,” ते म्हणाले. “सरकारात तसं लिव्हलंय. सही हाय माझी.”

दिनकररावांनी आबांचे पाय धरले, चंद्राक्का रडली, मीसुद्धा जाऊन विनवलं. म्हटलं, मामंजी, ते कागदावरचं होतं, सगळ्या गावाला ठाऊक आहे खरं काय ते.

“तुला ठावं हाय गं,” ते म्हणाले. “मलाबी ठावं हाय. पर झाप्याला डहाळी बांधायची म्हंजे शबुद द्यायचा. खोटं बोलल्याची सही करून बसलेल्या मानसाचा शबुद कोन ऐकंल? उद्या कुनाची म्हस आत गेली आन्‌ मी हाटकलं, तर त्यो काय म्हनंल मला?”

मग त्यांनी सगळ्यांना जेवून जायला सांगितलं. लोक पांगले. डहाळी आमच्या ओट्यावर पडली होती, ती संध्याकाळी शेळीने खाल्ली.

पुढे एका साली दुसऱ्या एका घराने माळ बांधून पाहिला. आठवड्याच्या आत कोणाची तरी जनावरं आत शिरली. हटकायला गेलेल्याला लोक म्हणाले, तू कोण सांगणारा? आबा तेव्हा ओट्यावर बसलेले होते. तिथून माळ स्वच्छ दिसतो. जनावरं कोणाची आहेत, हे त्यांनी विचारलं नाही.